दुसरं नेटवर्क कार्ड चालू केलं की साईट बंद, गेटवे काढला की चालू, रीस्टार्ट केला की पुन्हा बंद

बऱ्याच रॅक सर्व्हरच्या बोर्डावर दोन लॅन पोर्ट येतातच, आणि कधी ना कधी आपण ठरवतो की बॅकअप आणि डेटाबेसचं ट्रॅफिक दुसऱ्या पोर्टवरून न्यायचं म्हणजे पब्लिक लाईन साईटसाठी मोकळी राहील. विचार बरोबरच आहे. १ गिगाबिटच्या पोर्टमधून सेकंदाला फार तर १२५ मेगाबाईट जातात, प्रत्यक्षात त्याच्याही थोडं खालीच, आणि रात्री बॅकअप सुरू झाला की तो एकटाच सगळी लाईन खाऊन टाकतो, मग साईट उघडणाऱ्याला वाटतं सर्व्हर स्लो आहे. म्हणून दुसरं कार्ड. पण ते चालू केल्यावर जे दुखणं मागे लागतं ते एकदा बरं करून बरं होत नाही. हाताने कमांड मारली की चालतं, रीस्टार्ट झाला की ये रे माझ्या मागल्या. त्यामुळे नुसत्या कमांड न देता असं का होतं ते आधी सांगतो, कारण ते डोक्यात बसल्याशिवाय उपाय टिकत नाही.

माझ्याकडे लिनक्स सर्व्हरवर झालं ते असं. पहिलं कार्ड ईएनओ१, त्यावर पब्लिक आयपी, समजा २०३.०.११३.१०. दुसरं ईएनओ२, प्रायव्हेट नेटवर्कवर, १०.२०.०.१०, डीएचसीपीने (नेटवर्कनेच आपोआप पत्ता आणि गेटवे द्यायची सोय) मिळालेला. सगळं नीट चालू होतं, दोन महिने. कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेटसाठी रात्री रीस्टार्ट केला, मॉनिटरिंगवर हिरवा दिवा आला, मी झोपलो. सकाळी क्लायंटचे फोन, साईट उघडत नाही. मॉनिटरिंग बघतो तर अजून हिरवंच. एसएसएच (लांबून लॉगिन) माझ्या मशीनवरून लागत नाही, पण शेजारच्या सर्व्हरवर जाऊन तिथून केलं तर लगेच लागतं. वेब सर्व्हर चालू, लोड नाही, डिस्क रिकामी, फायरवॉलला कोणी हात लावलेला नाही. तासभर मी चुकीच्या जागी शोधत होतो, मग ही कमांड मारली (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, मारायच्या इंग्रजीतच):

आयपी राऊट शो

आणि पहिल्या दोन ओळी अशा दिसल्या:

डिफॉल्ट व्हाया १०.२०.०.१ डेव्ह ईएनओ२ प्रोटो डीएचसीपी मेट्रिक १००
डिफॉल्ट व्हाया २०३.०.११३.१ डेव्ह ईएनओ१ प्रोटो स्टॅटिक मेट्रिक १०१

दोन डिफॉल्ट राऊट, म्हणजे ओळखीच्या नेटवर्कबाहेरचं सगळं ज्या गेटवेकडे (बाहेर नेणाऱ्या राऊटरकडे) पाठवायचं ते रस्ते. आणि मेट्रिक (रस्त्याचा पसंती क्रमांक) कमी तो जिंकतो, म्हणजे बाहेर जाणारं सगळं प्रायव्हेट कार्डावरून चाललेलं.

आता मूळ मुद्दा. आपल्याला मनातून वाटत असतं की रिक्वेस्ट ज्या कार्डावरून आत आली त्याच कार्डावरून उत्तर बाहेर जाईल. लिनक्स तसं करत नाही. उत्तर कुठल्या कार्डाने पाठवायचं हे तो, वेगळे नियम दिले नसतील तर, फक्त जिथे जायचं आहे तो पत्ता बघून राऊटिंग टेबलमधून ठरवतो, रिक्वेस्ट कुठून आली होती याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणजे बघा, बाहेरचा माणूस २०३.०.११३.१० ला हाक मारतो, पॅकेट ईएनओ१ वर येतं, वेब सर्व्हर उत्तर तयार करतो, कर्नल बघतो की हा माणूस माझ्या ओळखीच्या कुठल्याच सबनेटमधला (थेट जोडलेल्या पत्त्यांच्या गटातला) नाही, मग डिफॉल्ट राऊट, आणि डिफॉल्ट राऊट आहे ईएनओ२ वर, झालं, उत्तर प्रायव्हेट नेटवर्कच्या गेटवेकडे निघालं, अंगावर पब्लिक आयपीचा सोर्स घेऊन. तिथला गेटवे ते टाकून देतो, कारण त्या बाजूला हा सोर्स पत्ता असायलाच नको. खोट्या सोर्सची पॅकेट्स नेटवर्कच्या तोंडाशीच अडवा असं सांगणारं आरएफसी २८२७ हे इंटरनेटच्या नियमांचं कागदपत्र सन २००० मध्ये आलं, आणि जबाबदारीने चालवलेली नेटवर्क्स ते पाळतात. आपलं पॅकेट खोटं नाही, पण चुकीच्या दाराने बाहेर पडतंय, आणि दारावरच्याला दोन्ही सारखंच दिसतं.

मग मॉनिटरिंग हिरवं का? कारण मॉनिटरिंगचा सर्व्हर त्याच २०३.०.११३ च्या सबनेटमध्ये होता. शेजाऱ्याला उत्तर द्यायला डिफॉल्ट राऊट लागतच नाही, सबनेटचा थेट राऊट असतो. म्हणून शेजारून सगळं ठणठणीत आणि बाहेरून सगळं बंद. हे लक्षण पक्कं लक्षात ठेवा: एकाच सबनेटमधून चालतंय आणि बाहेरून नाही, आणि सर्व्हरला दुसरं कार्ड आहे, तर दुसरीकडे बघायच्या आधी डिफॉल्ट राऊट मोजा. एकापेक्षा जास्त असतील तर बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.

आणि दोन महिने चाललं कसं, त्याचंही कारण आहे. नेटवर्कमॅनेजर (लिनक्समध्ये नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम) वायर्ड कार्डाला मेट्रिक १०० देतो, पण तो आधीच कोणीतरी घेतलेला असला तर पुढच्याला १०१. म्हणजे जे कार्ड आधी वर आलं ते जिंकलं. पहिल्या वेळी ईएनओ१ आधी वर आलं होतं, त्या रात्री ईएनओ२. एवढ्याशा गोष्टीवर अख्खी साईट उभी होती. ज्यांना वाटतं की आपल्याकडे दोन गेटवे आहेत तरी मस्त चालतंय, त्यांनी हे मनावर घ्यावं.

हाताने लगेच चालू करायचं असेल तर चुकीचा राऊट उडवा:

आयपी राऊट डेल डिफॉल्ट व्हाया १०.२०.०.१ डेव्ह ईएनओ२

साईट त्याच सेकंदाला परत येते. पण ही मलमपट्टी आहे, कर्नलच्या चालू टेबलमधला बदल आहे, कुठेही लिहून ठेवलेला नाही. रीस्टार्ट, नेटवर्क सर्व्हिस रीस्टार्ट, कोणी केबल काढून लावली, काही सेटअपमध्ये डीएचसीपीची लीज (पत्त्याची मुदत) नव्याने झाली तरी तो राऊट परत येऊन बसतो. लोक ही कमांड स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये टाकून मोकळे होतात, तसं कृपा करून करू नका, स्क्रिप्ट एकदा चालते आणि राऊट कधीही येऊ शकतो.

पक्का उपाय हा की त्या कार्डाच्या कॉन्फिगमध्येच सांगायचं, तुझ्याकडून डिफॉल्ट राऊट नको. नेटवर्कमॅनेजर असेल तर:

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय ईएनओ२ आयपीव्ही४.नेव्हर-डिफॉल्ट येस

इथे ईएनओ२ हे कनेक्शनचं नाव आहे, तुमच्याकडे ते वेगळं असू शकतं, एनएमसीएलआय कनेक्शन शो करून बघा. सोबत आयपीव्ही४.इग्नोर-ऑटो-डीएनएस पण येस करा, नाहीतर प्रायव्हेट बाजूचा डीएनएस सर्व्हर (नावावरून पत्ता सांगणारा) येऊन बसतो आणि मग मेल जात नाहीत, अपडेट होत नाही असली भलतीच लक्षणं दिसतात. आयपीव्ही६ चालू असेल तर हीच दोन्ही सेटिंग आयपीव्ही६ च्या बाजूलाही करायची, ते सगळेच विसरतात. आणि नुसत्या मॉडिफायने बदल लागू होत नाही, कनेक्शन एकदा डाऊन-अप करा.

नेटप्लॅन (उबुंटूची नेटवर्क सेटिंगची पद्धत) असेल तर त्या कार्डाखाली डीएचसीपी४-ओव्हरराईड्स लिहून यूज-राऊट्स फॉल्स आणि यूज-डीएनएस फॉल्स. यात एक बारीक गोष्ट आहे, यूज-राऊट्स फॉल्स केलं की डीएचसीपीने दिलेले बाकीचे राऊटसुद्धा जातात, नुसता डिफॉल्ट नाही. प्रायव्हेट नेटवर्कमध्ये आणखी सबनेट असतील, समजा बॅकअप सर्व्हर १०.३०.०.० मध्ये आहे, तर त्याचा राऊट आपल्यालाच लिहावा लागतो, १०.०.०.०/८ व्हाया १०.२०.०.१ असा एक पुरतो. डेबियनची जुनी इंटरफेसेस फाईल असेल आणि आयपी स्टॅटिक असेल तर सगळ्यात सोपं, दुसऱ्या कार्डाखाली गेटवेची ओळ लिहायचीच नाही.

नेटप्लॅनमध्ये बदल करूनही रीस्टार्टनंतर फाईल जुनीच दिसत असेल तर ते क्लाऊड-इनिट आहे, बूट होताना सर्व्हरची सेटिंग आपोआप लिहिणारा प्रोग्राम. तुम्ही ५०-क्लाऊड-इनिट नावाच्या फाईलमध्ये लिहिता आणि ते ती फाईल परत स्वतःच्या मनाने लिहून ठेवतं, पालथ्या घड्यावर पाणी. क्लाऊड.सीएफजी.डी फोल्डरमध्ये वेगळी फाईल करून नेटवर्क कॉन्फिग डिसेबल्ड लिहा, मग ते हात लावत नाही.

लांबून काम करत असाल तर नेटप्लॅन अप्लायऐवजी नेटप्लॅन ट्राय वापरा, १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबला नाही तर जुनं कॉन्फिग परत येतं. आणि आयपीएमआय किंवा केव्हीएम कन्सोल (नेटवर्क बिघडलं तरी सर्व्हरची स्क्रीन दाखवणारी सोय) आधी उघडून लॉगिन करून ठेवा, अडकल्यावर पासवर्ड शोधत बसायची वेळ येऊ नये.

हे झालं दुसरं कार्ड प्रायव्हेट असेल तर. दोन्ही कार्डांवर पब्लिक आयपी असतील, दोन वेगळ्या लाईनचे, तर वरचा उपाय पुरत नाही. कारण दुसऱ्या लाईनवरून आलेल्याला दुसऱ्या लाईनवरूनच उत्तर जायला हवं आणि मेन टेबलमध्ये गेटवे तर एकच ठेवायचा आहे. इथे पॉलिसी राऊटिंग लागतं. नाव मोठं आहे पण काम तीन ओळींचं. समजा ईएनओ२ वर १९८.५१.१००.२० आहे आणि गेटवे १९८.५१.१००.१:

आयपी राऊट ॲड १९८.५१.१००.०/२४ डेव्ह ईएनओ२ एसआरसी १९८.५१.१००.२० टेबल २००
आयपी राऊट ॲड डिफॉल्ट व्हाया १९८.५१.१००.१ डेव्ह ईएनओ२ टेबल २००
आयपी रूल ॲड फ्रॉम १९८.५१.१००.२० टेबल २००

म्हणजे काय, तर ज्या पॅकेटचा सोर्स १९८.५१.१००.२० आहे त्याने मेन टेबल बघायचंच नाही, टेबल २०० बघायचं, आणि त्या टेबलात गेटवे दुसऱ्या लाईनचा. आयपी रूल शो मारलं तर शून्य नंबरला लोकल, ३२७६६ ला मेन, ३२७६७ ला डिफॉल्ट असे तीन नियम मुळातच असतात, आपला त्यांच्या मध्ये बसतो, ३२७६५ वर. नंबर छोटा तो आधी तपासला जातो. टेबलचा नंबर २५३, २५४, २५५ सोडून घ्या, ते आधीच वापरात आहेत. पहिली ओळ लोक गाळतात कारण डिफॉल्ट तर आहे की असं वाटतं, पण ती नसेल तर त्याच सबनेटमधल्या शेजाऱ्याकडे जाणारं पॅकेटही गेटवेवरून वळसा घेऊन जातं, आणि कधी जातं कधी जात नाही.

हे कायमचं करायला नेटवर्कमॅनेजरमध्ये त्या कनेक्शनचं आयपीव्ही४.राऊट-टेबल २०० करा, मग त्या कार्डाचे सगळे राऊट आपोआप तिथे जातात, आणि आयपीव्ही४.राऊटिंग-रूल्स मध्ये प्रायॉरिटी १०० फ्रॉम १९८.५१.१००.२० टेबल २०० लिहा. प्रायॉरिटी इथे लिहावीच लागते. नेटप्लॅनमध्ये राऊट्सखाली टेबल आणि वेगळं राऊटिंग-पॉलिसी, अर्थ तोच.

एक अडचण राहते, यूडीपीची, म्हणजे कनेक्शन न जोडता पॅकेट पाठवायच्या पद्धतीची. टीसीपी कनेक्शनमध्ये सोर्स आयपी आधीच ठरलेला असतो म्हणून फ्रॉमचा नियम बरोबर लागतो. पण डीएनएससारखी यूडीपी सर्व्हिस ०.०.०.० वर (म्हणजे मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर) ऐकत असेल तर काही प्रोग्राम उत्तर पाठवताना सोर्स कर्नलवर सोडतात, कर्नल मेन टेबल बघून पहिल्या कार्डाचा आयपी लावतो, आणि विचारणाऱ्याला भलत्याच पत्त्यावरून उत्तर आलं म्हणून तो ते फेकून देतो. अशा सर्व्हिसला ०.०.०.० ऐवजी दोन्ही आयपी वेगवेगळे लिहून द्या, बहुतेकांत तशी सोय असते.

आता सगळ्यात जास्त डोकं खाणारा प्रकार. राऊट बरोबर दिसतात, नियम बरोबर, टीसीपीडंप (पॅकेट पकडून दाखवणारी कमांड) लावलं तर पॅकेट कार्डावर येताना डोळ्यांना दिसतंय, पण वेब सर्व्हरला त्याचा पत्ताच नाही, लॉगमध्ये ओळ नाही, उत्तर नाही, फायरवॉल बंद करून बघितली तरी तेच. हे आरपी फिल्टर. कर्नल आलेल्या पॅकेटचा सोर्स बघून स्वतःला विचारतो, मला याला उत्तर पाठवायचं असतं तर मी याच कार्डाने पाठवलं असतं का? नसेल तर पॅकेट गुपचूप टाकून देतो. टीसीपीडंप त्याच्या आधीच्या टप्प्यावर पॅकेट पकडतं म्हणून तिथे दिसतं. खात्री करायची तर:

एनस्टॅट -एझेड | ग्रेप रिव्हर्सपाथ

हा आकडा तुमच्या प्रत्येक प्रयत्नाबरोबर वाढत असेल तर निदान झालं. आरपी फिल्टर ० म्हणजे बंद, १ म्हणजे कडक, २ म्हणजे सैल, सैल म्हणजे कुठल्याही कार्डाने पोचता येत असलं तरी चालेल. इथे फसगत अशी होते की आपण ईएनओ२ साठी ० करतो आणि काहीच फरक पडत नाही, कारण कर्नल ऑल चा, म्हणजे सगळ्या कार्डांसाठीचा, आकडा आणि कार्डाचा आकडा यातला मोठा तो धरतो. ऑल १ असेल तर कार्डाचा ० वाया. म्हणून कार्डाला २ द्या, १ आणि २ मध्ये २ मोठा, सैल लागू होतो. आणि तो कर्नलची सेटिंग असतात त्या सिसकंट्रोल.डी फोल्डरमधल्या फाईलमध्ये लिहा, नुसतं कमांडने केलं तर रीस्टार्टनंतर परत पहिले पाढे. पॉलिसी राऊटिंग बरोबर असेल तर शक्यतो याची गरज पडू नये, पण नियम फायरवॉलच्या मार्कवर (पॅकेटवर मारलेल्या खुणेवर) चालवले असतील तर हमखास पडते.

दोन्ही कार्डं एकाच सबनेटमध्ये लावली असतील, म्हणजे दोन केबल एकाच स्विचला आणि दोन आयपी एकाच रेंजमधले, तर माझं स्पष्ट मत आहे की ते काढा. लिनक्स आयपी कार्डाचा मानत नाही, अख्ख्या मशीनचा मानतो, त्यामुळे ईएनओ२ च्या आयपीसाठी आलेल्या एआरपीला (हा आयपी कुठल्या कार्डाचा, या विचारणेला) ईएनओ१ सुद्धा उत्तर देतो, विचारणाऱ्याला कधी एक मॅक (कार्डाचा स्वतःचा पत्ता) मिळतो कधी दुसरा. एआरपी_इग्नोर १ आणि एआरपी_अनाउन्स २ करून ते आवरता येतं, पण ज्या कारणासाठी लोक हे करतात, एक बंद पडलं तर दुसरं चालावं, त्यासाठी बाँडिंग, म्हणजे दोन कार्डं जोडून एक करणं, आहे. ॲक्टिव्ह-बॅकअप मोडला स्विचवर काहीच करावं लागत नाही. ८०२.३एडी ला स्विचवर एलएसीपी (केबल एकत्र जोडायची सेटिंग) लागतं, आणि त्यातही एकच मोठी फाईल एकाच केबलने जाते, वेग दुप्पट होत नाही, अनेक कनेक्शन असतील तरच दोन्ही केबल भरतात.

रीस्टार्टनंतरच येणारी आणखी एक तक्रार, डेटाबेस चालूच होत नाही, लॉगमध्ये कॅनॉट असाईन रिक्वेस्टेड ॲड्रेस. आपण चांगल्या हेतूने डेटाबेस फक्त १०.२०.०.१० वर ऐकायला लावलेला असतो, आणि बूट होताना डेटाबेस आधी उठतो, कार्डाला आयपी मिळायचा असतो. हाताने चालू केला तर लगेच चालू होतो म्हणून कारण कळत नाही. सर्व्हिसच्या युनिटला आफ्टर आणि वाँट्स मध्ये नेटवर्क-ऑनलाईन.टार्गेट द्या. याच्याशी जोडलेली उलट बाजूही आहे: दुसऱ्या पोर्टला केबल नसेल तर बूट दोन मिनिटं अडकतं कारण वेट-ऑनलाईन त्या कार्डाची वाट बघतं, मग कोणीतरी नेटप्लॅनमध्ये त्याला ऑप्शनल ट्रू करतं, बूट पटकन होतं, आणि केबल लावल्यावर डेटाबेस परत आयपी नसतानाच उठायला जातो. दोन्ही सांभाळायचं तर सिसकंट्रोलमध्ये आयपी_नॉनलोकल_बाईंड १ करा, म्हणजे आयपी यायच्या आधीही सर्व्हिस त्यावर बसू शकते.

छोटे छोटे काटे भराभर सांगतो. बॅकअप चालू आहे पण ट्रॅफिक अजून पब्लिक कार्डावरच दिसतंय, तर बॅकअप सर्व्हरचं नाव पब्लिक आयपीला जात असणार, आयपी राऊट गेट आणि पुढे त्याचा पत्ता मारा, कुठल्या कार्डाने जाईल ते तिथेच कळतं. प्रायव्हेट नेटवर्कवर एमटीयू (एका पॅकेटचा मोठ्यात मोठा आकार) ९००० केला आणि एसएसएच लागून मग थिजतं, छोट्या फाईली जातात मोठ्या अडकतात, तर मधल्या स्विचवर जंबो फ्रेम चालू नाहीत, पिंग -एम डू -एस ८९७२ करून बघा, २८ बाईट हेडरचे धरून बरोबर ९००० होतात. प्रायव्हेट रेंज १७२.१७ ची असेल आणि डॉकर (कंटेनर चालवणारा प्रोग्राम) टाकलं तर ते तीच रेंज स्वतःच्या ब्रिजला घेऊ शकतं आणि मग बॅकअप सर्व्हर एका क्षणात गायब होतो. ईथटूल (कार्डाची माहिती दाखवणारी कमांड) मध्ये वेग १०० दिसला तर आधी केबल बदला, गिगाबिटला चारही जोड्या धड लागतात, १०० ला दोनच, त्यामुळे अर्धी तुटलेली केबल चालल्यासारखी दिसते. आणि फायरवॉलडी नवीन कार्डाला डिफॉल्ट झोनमध्ये टाकतं, प्रायव्हेट नेटवर्क म्हणजे सुरक्षित असं धरून पोर्ट सताड उघडे ठेवू नका, काही ठिकाणी त्याच प्रायव्हेट नेटवर्कवर दुसऱ्यांचे सर्व्हरही असतात.

सगळं लिहून झालं की सर्व्हर स्वतःहून रीस्टार्ट करा, दिवसाउजेडी, क्लायंटला आधी सांगून, आणि एकदा नाही तर दोन-तीनदा, कारण कार्डं वर यायचा क्रम प्रत्येक वेळी वेगळा असू शकतो. प्रत्येक वेळी आयपी राऊट शो मध्ये डिफॉल्ट एकच आहे ना, आयपी रूल शो मध्ये आपला नियम आहे ना हे बघा, आणि साईट मोबाईल डेटावरून उघडा, शेजारच्या सर्व्हरवरून नाही. मी त्यानंतर मॉनिटरिंगचा एक चेक पूर्णपणे वेगळ्या नेटवर्कवर नेऊन ठेवलाय, आणि डिफॉल्ट राऊटची संख्या दोन झाली तर लगेच मेसेज येईल असा एक छोटा चेक सर्व्हरवरच लावलाय.